गोदाकाठचे कुशीलव

संस्कृत भाषेत नटाला, गायकाला आणि गावोगाव कथा सांगत हिंडणाऱ्या भाटाला 'कुशीलव' असा एक शब्द आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी पंडितांचे एकमत नाही. तथापि रामायणाशी परिचय असलेल्या वाचकांस कुश आणि लव ही दोन नावे त्यात दिसल्यावाचून राहणार नाहीत. वाल्मीकींनी काव्य रचले खरे, पण ते लोकांच्या कानी घातले या दोन मुलांनी. प्रत्यक्ष श्रीरामचंद्रांच्या पुढे उभे राहून त्यांनी ती कथा गाइली आणि ज्याची कथा तोच श्रोता होऊन ऐकत बसला. रचणारा एक, सांगणारे दुसरे, ऐकणारे तिसरे, अशी ही तीन पायांची तिवई आहे. यांतला एक पाय मोडला की कथा जमिनीवर आली म्हणून समजावे.

ही कथा जेथे घडली असे आपण मानतो, त्या पंचवटीच्या गावी आमचे आयुष्य गेले. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक याच पंचवटीत घडतो. राम जुन्या ओळखीच्या जागा पाहत हिंडतो, आठवणींनी व्याकूळ होऊन मूर्च्छित पडतो. आणि सीता, देवतेच्या प्रसादाने अदृश्य झालेली, त्याच्या अगदी निकट उभी असते. तिच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो, पण ती त्यास दिसत नाही. हा अंक आम्ही किती वेळा वाचला असेल याची गणना नाही. परंतु नाटकाच्या व्यवसायातील माणसे जवळून पाहू लागल्यापासून त्याचा आणखी एक अर्थ आम्हांस जाणवू लागला आहे. रंगमंचावर जो पडतो आणि उठतो, त्यास आपण टाळ्या देतो. ज्याच्या हाताने तो उठतो, तो विंगेत उभा असतो आणि आपल्याला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात नाशिकच्या कथाकथनाच्या आणि रंगभूमीच्या मागे उभ्या असलेल्या काही माणसांविषयी लिहावयाचे आहे. त्यांत काही नामांकित आहेत, पुष्कळ अनामिक आहेत. आणि शेवटची एक गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे, तीही सांगावयाची आहे.

मंदिरातील रंगभूमी

मराठी नाटक जन्मास येण्यापूर्वी आपले नाटक मंदिरातच होत असे. त्याचे नाव कीर्तन. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या काळाराम मंदिरात, चैत्रातील उत्सवाच्या दिवसांत ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकले असेल, त्यांस आमचे म्हणणे पटेल. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचे निरूपण करतात. मग नामघोष होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लागतो. आणि उत्तररंगात आख्यान उभे राहते. एकच मनुष्य क्षणात दशरथ होतो, क्षणात कैकेयी होतो आणि लगेच पुन्हा आपल्या मूळ ठिकाणी येऊन श्रोत्यांस दोन शब्द सुनावतो. वेषांतर नाही, पडदा नाही, दिव्यांची करामत नाही. उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला की राणी झाली आणि तोच कमरेला आवळला की सारथी झाला! साकी, दिंडी, आर्या, कटाव असे नाना छंद त्याच्या जिभेवर तयार असतात.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस जो पहिला मराठी नाट्यप्रयोग केला तो 'सीतास्वयंवरा'चा, म्हणजे पुन्हा रामकथेचाच होता. आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील साक्या आणि दिंड्या प्रेक्षकांस परक्या वाटल्या नाहीत, याचे कारण त्यांचे कान कीर्तनाने आधीच तयार केलेले होते. हे ऋण आपण सहसा बोलून दाखवीत नाही.

मात्र कीर्तन एकट्या बुवांचे नसते. मागे झांज धरणारा, पेटीवाला, तबलजी यांची बुवांच्या चढउतारावर नजर असते. बुवा एखादे चरण विसरले तर ते श्रोत्यांस कळू न देता पुढे करणारा तोच झांजकरी असतो. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशकास येऊन राहिले, येथे त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापिला आणि मैफली गाजविणारा त्यांचा कंठ तुलसीरामायण गाण्यात रमला. इतका मोठा गवई कथेकऱ्याच्या पाटावर येऊन बसतो, यात कथेचा गौरव आहे असे आम्हांस वाटते.

शाहीर आणि त्यांची फौज

मंदिराबाहेर, चावडीवर आणि जत्रेत, दुसरी एक परंपरा चालू होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातील प्रसिद्ध शाहीर परशराम हा आपल्याच जिल्ह्याचा, सिन्नर तालुक्यातील बावी गावचा. जातीने व धंद्याने शिंपी. लावण्या आणि पोवाडे त्याने रचले ते डफतुणतुण्यावर म्हणण्यासाठी. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष असत. एक शक्तीस श्रेष्ठ मानणारा, दुसरा शिवास. दोघांत रात्ररात्र सवालजबाब चालत. प्रकृतिपुरुषाचा जो वाद आम्ही पाठशाळेत सूत्रांतून शिकलो, तोच वाद शेतकरी, शिंपी आणि न्हावी फडात उभे राहून गात होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात बोहाड्याचे सोंग अजून निघते; देवदैत्यांचे मोठमोठे मुखवटे घालून, संबळाच्या तालावर, गावचीच माणसे रात्रभर नाचतात. अमुक मुखवटा अमुक घराण्याचा असा मान ठरलेला असतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो. नाट्यशाळेवाचून नाट्यशिक्षण कसे चालते, हे पाहावयाचे असेल तर तिकडे जावे.

नाशिक शहरात या शाहिरीस नवे वळण दिले ते गोविंद त्र्यंबक दरेकर यांनी. हेच कवी गोविंद. पायांनी अधू असलेला हा मनुष्य प्रथम लावण्या रचीत असे. सावरकर बंधूंच्या सहवासात येऊन त्याची प्रतिभा देशभक्तीकडे वळली आणि मित्रमेळ्यातील तरुण मुले त्याचे पोवाडे गणेशोत्सवांतून व शिवजयंतीच्या उत्सवांतून गाऊ लागली. कवी स्वतः चालू शकत नव्हता. त्याचे शब्द मात्र या मुलांच्या पायांनी गावभर हिंडत होते. सरकारने ते काव्य इतके भयंकर मानले की, ते छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांस १९०९ साली काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एखाद्या कवितेची किंमत किती असू शकते, याचा हिशेब नाशिकच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे.

विजयानंदातील ती रात्र

पुढची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, तरी ती रंगभूमीच्या इतिहासातली म्हणून येथे सांगणे भाग आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपादाखल हा प्रयोग ठरला होता. जॅक्सन हे संस्कृतचे जाणते म्हणून प्रसिद्ध होते. ते नाट्यगृहात आले असता अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

ही घटना सांगताना आमचे मन नेहमी दोन ठिकाणी ओढले जाते. देशासाठी प्राण देणाऱ्या त्या तीन तरुणांपुढे मस्तक नम्र होते. आणि कालिदासाची भाषा जाणणारा एक परदेशी मनुष्य आमच्याच नाट्यगृहात पडला, याचा विषादही वाटतो. आणखीही एक विचार येतो. इतिहासाने मारणाऱ्यांची आणि मरणाऱ्याची नावे लिहून ठेवली. परंतु त्या रात्री रंगपटात 'शारदे'चे केस विंचरून देणारा, पेटी उघडून सूर लावणारा, पडद्याची दोरी हाती धरून इशाऱ्याची वाट पाहणारा, यांची नावे कोठे आहेत? त्यांनाही त्या रात्रीनंतर दुसऱ्या गावी जाऊन तेच नाटक पुन्हा उभे करावयाचे होते. नाटकवाल्यांस सुतक पाळण्याची सवड नसते.

फाळक्यांचा संसार

त्र्यंबकेश्वरास १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला आणि मग आपला कारखाना नाशकास आणला. त्यांचे चरित्र सर्वांनी वाचलेले असते. म्हणून येथे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याविषयी दोन शब्द लिहितो. कारखान्यातील सर्व मंडळींचा स्वयंपाक त्या करीत; आणि तो आटोपला की अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मवर रासायनिक प्रक्रिया करीत. मुदपाकखाना आणि प्रयोगशाळा ही दोन्ही एकाच बाईच्या हाती होती! आमच्या एकत्र कुटुंबांतून पन्नास पानांच्या पंक्ती उठविणाऱ्या स्त्रियांस यातील श्रमाची कल्पना येईल. परंतु त्यांपैकी कितीजणींचे नाव मंगलकार्याच्या पत्रिकेवर तरी छापले जाते?

चित्रपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ज्याने तो ओढला तो पुरुषही नाटकाच्या मोहातून सुटला नव्हता. भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काशीस जाऊन राहिले तेव्हा त्यांनी वेळ घालविला तो 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिण्यात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांचे देहावसान झाले.

दाराबाहेरचे श्रोते

काळाराम मंदिरातील कीर्तनाचे वर्णन आम्ही वर मोठ्या प्रेमाने केले. परंतु ते कीर्तन कोणास ऐकावयास मिळत होते, हे न सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. देवळाची दारे बंद करण्यात आली. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला आणि दार उघडले नाही. रामकथा सांगणारे आमच्यासारखे लोक आत बसले होते आणि ऐकू इच्छिणारे हजारो बाहेर उन्हात उभे होते. आमच्या समाजाने या गोष्टीचा पुरता विचार अजून केला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

ज्यांस दार उघडले नाही त्यांनी आपली रंगभूमी बाहेर उभी केली. भीमराव कर्डक या नाशिक जिल्ह्यातील शाहिराने १९३१ च्या सुमारास आंबेडकरी जलसा सुरू केला. ठाट तमाशाचाच, पण शृंगार वगळलेला, आणि वगांतून शिक्षण, व्यसनमुक्ती, पाणवठ्याचा व मंदिराचा हक्क हे विषय मांडलेले. दिवसभर कष्ट करून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात ते ऐकत, आणि वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या वस्तीत विचार त्या मार्गाने पोहोचत.

याच परंपरेतले पुढचे मोठे नाव वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणापर्यंत त्यांस अक्षरओळख नव्हती. मुंबईत असता कोणीतरी एक पत्र वाचून दाखविण्यास सांगितले, ते वाचता आले नाही, आणि त्या लाजेने हा पुरुष अक्षरे शिकण्यास बसला. पुढे त्याने रचलेली गीते महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गाइली गेली. २००४ साली वामनदादा निवर्तले. आम्ही जन्मभर मुलांस अक्षरे शिकविली. परंतु एका पत्रापुढे उभ्या राहिलेल्या त्या तरुणाच्या डोळ्यांतील पाण्याइतका प्रभावी धडा आम्हांस कधी देता आला नाही.

दोन नाटककार

काळारामाच्या सत्याग्रहात १९३२ साली भाग घेणाऱ्यांत विसाव्या वर्षातला एक तरुण होता. त्याचे नाव विष्णु वामन शिरवाडकर. पुढे गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना' या बोलपटात त्याने लक्ष्मणाचे काम केले. आणखी पुढे कुसुमाग्रज या नावाने तो सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाला. शिरवाडकरांनी नाशकात राहून नाटके लिहिली एवढेच त्यांचे ऋण नव्हे. १९५० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली येथे लोकहितवादी मंडळ स्थापन झाले आणि हौशी मंडळींस एक हक्काचे छत्र मिळाले. 'राजमुकुट', 'ऑथेल्लो' यांतून त्यांनी शेक्सपियर मराठीत आणला. आणि 'नटसम्राट' या नाटकात राजा लियरचे दुःख एका निवृत्त नटाच्या घरात आणून ठेवले. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईस गोवा हिंदु असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. आयुष्यभर टाळ्या मिळविलेला गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांस वाटून देतो आणि पत्नीसह बेघर होतो. हे नाटक पाहून परतताना टांग्यात वा मोटारीत कोणी कोणाशी बोलत नसे, असे जुनी मंडळी सांगतात. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस त्याचे कारण सांगावयास नको.

दुसरे नाटककार वसंत कानेटकर. कवी गिरीश यांचे हे चिरंजीव नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात नाटक लिहावे, असा त्यांचा क्रम. 'वेड्याचे घर उन्हात' हे त्यांचे नाटक १९५७ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने केले. त्यानंतर 'प्रेमा तुझा रंग कसा', 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा', 'अश्रूंची झाली फुले' अशी नाटके एकामागून एक आली. 'रायगडा'त त्यांनी शिवछत्रपती आणि संभाजी यांतील दुरावा एखाद्या घरातील बापलेकांच्या दुराव्याप्रमाणे उलगडला, आणि इतिहासाचे नाटक घरातले झाले. १९७२ च्या 'हिमालयाची सावली'मध्ये थोर पुरुषाच्या मागे झिजणारी पत्नी त्यांनी पुढे आणली. 'नटसम्राटा'तील आणि 'हिमालयाची सावली'तील दोन्ही वृद्ध जोडपी श्रीराम लागू आणि शांता जोग यांनीच उभी केली, हा योगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन नाटककार एका गावचे. दोघांनीही, यश पावलेल्या पुरुषामागे उभ्या असलेल्या स्त्रीकडे पाहिले.

कानेटकर २००० साली गेले. शिरवाडकर त्याआधी एक वर्ष, १० मार्च १९९९ रोजी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ साली प्रथम दिला गेला तो विजय तेंडुलकर या नाटककारास, ही गोष्ट नाशिकच्या रंगभूमीप्रेमास शोभणारीच होती.

पडद्यामागचा संसार

आता आजचे पाहू. शहरात महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर आहे आणि १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेच्या साठांहून अधिक आवृत्त्या आजवर झाल्या. तिच्या प्राथमिक फेरीचे दिवस आले की गावात निराळीच धांदल दिसते. कामगार कल्याणाच्या नाट्यस्पर्धेची मंडळी तर पाळीवरून सुटली की तालमीस हजर होतात. कारखान्यातून, बँकेतून, शाळेतून थकून आलेली माणसे एखाद्या मंगल कार्यालयाच्या रिकाम्या खोलीत किंवा कोणाच्या गच्चीवर जमतात आणि दोन महिने रोज रात्री तेच तेच शब्द घोकतात. प्रयोग बहुधा एक होतो. पदरचे पैसे जातात. पारितोषिक मिळाले तर आनंद; नाही मिळाले तर पुढच्या वर्षी पुन्हा.

या माणसांची कामे तरी किती! नेपथ्यवाल्यास भिंती अशा बांधाव्या लागतात की दहा मिनिटांत उभ्या राहतील, नटाने दार आपटले तर हलणार नाहीत आणि टेम्पोत मावतील. प्रकाशयोजना करणाऱ्यास नाटक नटांपेक्षा अधिक पाठ असते, कारण नटाचे एक वाक्य चुकले तर सांभाळून घेता येते; दिवा एक क्षण आधी गेला तर प्रसंगच जातो. रंगभूषाकार पंचवीस वर्षांच्या मुलास सत्तरीचा करतो. कपडेपट सांभाळणारी बाई सुईदोरा पदराला टोचूनच विंगेत उभी असते. आणि तिसरी घंटा देणारा मनुष्य, जो सर्वांआधी येतो आणि सर्वांनंतर जातो, त्यास नाटकाचा पहिला प्रवेश कधी समोरून पाहावयास मिळत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नाटकमंडळीची मोजदाद केली आहे. त्यात मुकुट करणारा, अलंकार घडविणारा, माळा गुंफणारा, चित्रकार, एवढेच नव्हे तर कपडे धुणारा रजकसुद्धा आहे. मुनींना जे विसरावेसे वाटले नाही, ते आपण प्रेक्षकांनी का विसरावे?

या श्रमांतूनच अधूनमधून मोठी वस्तू निघते. नाशिकचे प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेले व बसविलेले 'संगीत देवबाभळी' प्रथम एकांकिका होते. २०१७ साली ते भद्रकाली प्रॉडक्शन्सने पूर्ण नाटक म्हणून रंगभूमीवर आणले आणि त्यास नाशिकच्याच आनंद ओक यांचे संगीत होते. तुकोबांची आवली आणि पंढरीची रखुमाई या दोनच स्त्रिया त्यात आहेत. आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि तिची शुश्रूषा करण्यास रखुमाईस पाठवितो. दोघींचे नवरे जगाचे झालेले. दोघी घर सांभाळणाऱ्या. या नाटकासाठी देशमुखांस २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तसेच दत्ता पाटील यांनी लिहिलेली आणि सचिन शिंदे यांनी बसविलेली 'हंडाभर चांदण्या' व 'कलगीतुरा' ही नाटके पाहावी. एकात पाण्यासाठी ताटकळणारे गाव आहे, दुसऱ्यात शाहिरांचा तोच जुना फड. कीर्तन, अभंग, शाहिरी, ज्यांची हकीकत आम्ही वर सांगितली, ती सारी या नव्या मंडळींनी टाकून दिलेली नाही.

एक कबुली

आता आमच्या चुकीविषयी. आम्ही शिक्षक असताना एक मुलगा वर्गात होता. स्मरणशक्ती विलक्षण, सुभाषिते एकदा ऐकून म्हणे. संमेलनाच्या नाटकात त्यास प्रॉम्प्टरचे काम दिले होते, तर साऱ्यांचीच कामे त्यास पाठ झाली. दहावीच्या वर्षी गावातील एका हौशी मंडळीने त्यास स्पर्धेच्या नाटकात मोठी भूमिका दिली. त्याचे वडील आमच्याकडे आले; म्हणाले, "सर, आम्हां घरच्यांचे तो ऐकत नाही, तुमचे ऐकेल." आम्ही क्षणाचाही विचार केला नाही. संध्याकाळी तालमीच्या जागी गेलो आणि सर्वांदेखत त्या मुलाच्या हातातील संहिता काढून घेतली. तो काही बोलला नाही. मागोमाग चालत घरी आला.

परीक्षेत तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. पुढे बँकेत लागला, संसार उत्तम झाला. आम्ही हे उदाहरण इतर मुलांस अभिमानाने सांगत असू.

दोन वर्षांमागे एका हौशी नाटकाच्या प्रयोगानंतर, प्रेक्षक पांगल्यावर, ओळखीच्या एका मंडळींस भेटावे म्हणून आम्ही रंगमंचावर गेलो. अंधुक उजेडात एक गृहस्थ खाली बसून विजेच्या तारांची वेटोळी करीत होते. त्यांनी वर पाहिले आणि उठून वाकून नमस्कार केला. तोच मुलगा, आता केस पिकू लागलेले. बँकेतून सुटल्यावर दर स्पर्धेला कोणाच्या ना कोणाच्या दिव्यांची व्यवस्था पाहतो, असे कळले. रंगमंचावर कधी काम केले नाही. आम्ही विचारले, "का रे?" तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही केलेत ते बरोबरच केलेत. पोटापाण्याचे झाले. पण त्या संध्याकाळी माझा दुसरा अंक पाठ झाला होता." मग जरा थांबून म्हणाला, "अजून आहे."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. अभ्यास सोडून नाटक करावे असे आम्ही तेव्हा म्हटले नसते आणि आजही म्हणणार नाही. परंतु अभ्यास आणि तालीम दोन्ही कशी साधतील, हे त्या मुलाजवळ बसून ठरविणे आम्हांस शक्य होते. ते न करता आम्ही संहिता हिसकावली, कारण नाटक म्हणजे चैन आणि परीक्षा म्हणजे आयुष्य असा आमचा पक्का समज होता. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांस राजसभेत मानाने आणून उभे केले. ते नाटक आम्ही वाचले होते, मुलांस त्याची गोष्टही सांगितली होती. वाचले आणि कळले यांत किती अंतर असते!

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांस थोडी विनंती करावीशी वाटते. प्रत्येक घरातून नट निघावा असे कोणीच म्हणत नाही. परंतु घरातील मुलगा वा सून रात्री तालमीहून उशिरा परतली तर ताट झाकून ठेवावे. कपाळाला आठी घालू नये. गावच्या हौशी मंडळींचे नाटक असेल तर फुकट पासाची वाट न पाहता तिकीट काढावे आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून जावे. तिसऱ्या घंटेपूर्वी जागेवर बसावे. चातुर्मासातील शुक्रवारची कहाणी जी आजी अजून तोंडपाठ सांगते, तिच्यापुढे घरातील मुलांस दहा मिनिटे बसवावे. कथा सांगणे आणि ऐकणे या दोन्ही विद्या तेथेच सुरू होतात. आणि नाटक संपल्यावर, घाईने बाहेर न पडता, एकदा विंगेत डोकावून तारा गुंडाळणाऱ्यास, भिंती उतरविणाऱ्यास "छान झाले" एवढे दोन शब्द सांगावे.

आम्ही आमच्या त्या विद्यार्थ्यास गेल्या दिवाळीत घरी फराळास बोलाविले. पत्नी, मुलगा, सून, नातवंडे सगळी माजघरात बसली. आम्ही त्यास म्हटले, "तो दुसरा अंक आम्हांस ऐकव." तो फार लाजला, पण शेवटी उभा राहिला. पाऊण तास त्याने सर्व पात्रांची भाषणे एकट्याने म्हटली. एका ठिकाणी अडखळला तेव्हा आम्हांस प्रॉम्प्ट करता आले नाही. जी संहिता आम्ही त्याच्या हातून घेतली होती, ती आम्ही कधी उघडूनही पाहिली नव्हती.